सुलभे, तुझ्या होकारासाठी अडलंय

सुलभे, कोडमधला बदल तयार आहे. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीकडे बिल्ड झालं, तिन्हीकडे हिरवी खूण आली. आता पडद्यावर एकच ओळ उरली आहे, की हा बदल तुझ्या होकारासाठी थांबलाय. ओळीच्या बाजूला तुझा तो गोल फोटो. नणंदेच्या लग्नातला, आजूबाजूची माणसं कापून काढलेला, तरी खांद्यावर कोणाचा तरी हात राहिलेलाच. कितीदा सांगितलं, बदल तो फोटो. "चेहरा दिसून राह्यला ना? मंग झालं," म्हणायचीस.

दुसरीनं पाहून हो म्हटल्याशिवाय आपल्या कोडमध्ये काहीच आत घालायचं नाही, हा नियम तुझा. माझ्या रागापायी केलेला. "तू चिडली का काहीबाही लोटून देते आत, मंग निस्तरा लागते मले." खरंच होतं ते. पण आता काय करू? तो नियम बंद करायचा अधिकार मलाही आहे, सेटिंगमधली एक खूण काढली की झालं. रोज सकाळी चहा घेऊन बसते, ती ओळ वाचते, आणि लॅपटॉप मिटून कॉलेजला शिकवायला जाते. मी, जिला तू "सुसाट" म्हणायचीस ती.

आणि घाई तर आहे. धामणगावच्या कुंदाताई खोळंबल्यात. त्यांच्या टायपिंगच्या दुकानात जुने कागद येतात, वकिलांचे, शाळांचे, पतसंस्थांचे, आणि आपलं सॉफ्टवेअर, 'उलगडा', त्यांचं शेवटचं पान खाऊन टाकतं. कागद लांब असला की गुपचूप खातं, एररसुद्धा दाखवत नाही. तो दोष आपण दोघींनीच शोधला, दुरुस्त केला, लिनक्सवर बाहेरही सोडला. पण लिनक्स वापरतं कोण? मी, आणि माझ्यासारखे चार-दोन तऱ्हेवाईक. बाकी सगळी दुनिया विंडोजवर, आणि विंडोजचं तू करणार होतीस. "रविवारी निंगते ते, कायले बोंबलते?" त्या रविवारी तू तापात होतीस, आणि पुढचा रविवार तू पाहिलाच नाहीस.

तेरवीला मी आले होते अकोल्याला. सकाळची एसटी धरून. अंगणात मांडव, आत तुझा हार घातलेला फोटो, तोही त्याच लग्नातला. जो तो तुझ्याबद्दल बोलत होता. सासूचं किती केलं, लोणचं कसं घालायचीस, कोणाला कधी नाही म्हणाली नाहीस. मी मान हलवत राहिले. नाही म्हणाली नाहीस! मला तर तू नाही म्हटल्याशिवाय घासच उतरायचा नाही. त्या मांडवात माझ्या ओळखीची सुलभा कुठेच नव्हती.

पंगतीत तुझ्या मामी शेजारी बसल्या. "तू कोणाची वो?" मी म्हटलं, मैत्रीण, अमरावतीची, कॉलेजातली. "मंग अजून संबंध होता?" म्हटलं, मामी, रोज भांडायचो आम्ही. तर त्यांनी वरणाचा घास तसाच धरून विचारलं, "कायच्यावरून?"

आता काय सांगू? म्हटलं, मामी, आधी संगणकावर मराठी टाइप करायचे ना, त्याचे फॉन्ट वेगळे होते. तो फॉन्ट आता नसला की कागद उघडल्यावर नुसत्या किडे-मुंग्या दिसतात. सुलभाच्या बाबांचे सगळे दावे, सगळे अर्ज तसेच झाले होते, जन्मभराची वकिली. तिनं आणि मी एक सॉफ्टवेअर लिहिलं, ते त्या किड्या-मुंग्यांचं परत मराठी करतं. कोणीही न्यावं, कोणीही वापरावं, कोड उघडा ठेवलाय. पण एकदा लिहून भागत नाही मामी. विंडोजसाठी वेगळं बांधावं लागतं, लिनक्ससाठी वेगळं, मॅकसाठी वेगळं. विंडोजचं ती पाहायची, बाकीचं मी.

"म्हंजे कापड एकच, मापं तिघाईची," मामी म्हणाल्या. म्हटलं, तसंच. "अन् हे आमच्या सुलभानं केलं?" मग त्यांनी हातातला घास पानात ठेवला. म्हणाल्या, "आमाले तं कोनी सांगतलंच नाई वो माय." तूच नाही सांगितलंस. का नाही सांगितलंस, बाई? मला वाटायचं घरात सगळ्यांना माहीत असेल.

मग मनोहरभाऊ आले. तुझ्या नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता गं. तरी माझ्यासाठी म्हणून मुद्दाम आले, कारण त्यांना वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल. तुझ्या वस्तू दानात दिल्या, गादी, छत्री, चपला. "अन् तिचा लॅपटॉपबी देला ताई. गुरुजी म्हनले मले काय कराचा, पन माही पुतनी शिकून राह्यली, तिले द्या." मी विचारलं, "जसा होता तसा?" ते दुखावलेच. "नाई नाई! दुकानातून पार नवा करून आनला. आतली डिस्कबी नवी टाकली. दानात उष्टं देऊ नाई ना." आणि जुनी डिस्क? "ते दुकानवाल्यानं मोडीत काढली."

मी म्हटलं, "चांगलं केलं भाऊ." आणि हात धुवायला उठले.

त्यांची काय चूक? रीतीप्रमाणे केलं, मनापासून केलं, बिचाऱ्यांनी खर्च करून केलं. विंडोजचं बिल्ड अख्ख्या जगात फक्त त्या एका लॅपटॉपवर व्हायचं, हे त्यांना माहीत असायचं कारणच काय? मला माहीत होतं आणि तुला माहीत होतं. मोरीपाशी नळ सोडून किती वेळ उभी होते, कळलं नाही. मामींनी येऊन पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासाठीच रडत होते, पण रागानं.

यावरूनच तर आपलं सगळं भांडण. मूर्तिजापूर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये सुरू झालेलं. तू अकोल्याहून यायचीस, मी बडनेऱ्याला गाडी धरून, मधलं गाव म्हणून मूर्तिजापूर. तुझा विंडोज, माझा लिनक्स, बाकावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी आणि मध्ये मी आणलेला अमरावतीचा दह्यातला गिला वडा. तुझ्याकडे चालायचं ते माझ्याकडे पडायचं. फाइलचं नाव तू मोठ्या अक्षरानं लिहायचीस आणि कोडमध्ये हाक मारायचीस लहान अक्षरानं. विंडोज बिचारं समजून घ्यायचं, लिनक्स हटून बसायचं. "तुह्यासारखंच आहे ते," म्हणायचीस. दोन प्रौढ बाया, मांडीवर लॅपटॉप, हे पाहून एक म्हातारी आली होती आठवतं? "घरकुलाची यादी आली का बाई?" तिला आपण सर्व्हेवाल्या वाटलो. तू तिचं नाव, गाव सगळं ऐकून घेतलंस, तिला वड्याचा अर्धा तुकडा दिलास आणि तलाठ्याकडे काय काय कागद न्यायचे ते सांगितलंस. माझं बिल्ड तिकडे पडून होतं.

जुन्या फाइली वाचायला आपण एक लायब्ररी घेतली होती. दूरदेशीच्या कोणा माणसानं हौसेनं लिहिलेला कोड. त्या माणसाची हौस फिटली, तो दुसऱ्या कामाला लागला, त्याची साइटही बंद झाली. लिनक्सवर ती मला आयती मिळते. विंडोजवर ती तू कधीकाळी हातानं बांधून तुझ्या लॅपटॉपच्या कुठल्याशा कोपऱ्यात ठेवली होतीस, आणि प्रत्येक बिल्ड मुकाट्यानं तिथून ती उचलायचं. मी म्हणायचे, तिची प्रत आपल्या प्रकल्पात ठेव. ती कशी बांधली ते लिही. कोऱ्या मशीनवर बिल्ड झालं तरच ते बिल्ड. तू म्हणायचीस, "चालून राह्यलं ना? चालत्या गाडीले खीळ कायले घालते?"

"आणि तुझा लॅपटॉप बसला तर?"

"दुसरा घेईन."

"आणि तू..." मी थांबले, तर तूच म्हणालीस, "मी मेली तं म्हन ना सरळ. लाजून कायले राह्यली?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, हो, तू मेलीस तरी चाललं पाहिजे. मी मेले तरी चाललं पाहिजे. त्यालाच सॉफ्टवेअर म्हणतात, नाहीतर मग ते घरचं लोणचं. तू इतकी मोठ्यानं हसलीस की बाकावर झोपलेला माणूस दचकून उठला. "लोनचंच आहे वो आपलं, अंजे!"

ते वाक्य मी मागे घेत नाही, सुलभे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी वाद मिटवून टाकावा. का म्हणून? तेव्हाही मी बरोबर होते, आत्ताही आहे.

तेरवीनंतर कुंदाताईंचा फोन आला. त्यांना काही माहीतच नव्हतं. "ताई, शेवटचं पान येऊनच नाई राह्यलं अन् सुलभाताई फोनच नाई उचलून राह्यल्या. रागावल्या का माह्यावर?" मला सांगावं लागलं. पलीकडे त्यांचं झेरॉक्सचं मशीन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं. मग म्हणाल्या, "कधीच पाह्यलं नाई मी त्याईले. पन दर सनाले फोन कराच्या." हेही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तुझ्या त्या अर्ध्या आयुष्यातली मीच एकटी. म्हटलं, कुंदाताई, थोडं थांबा, मी बघते.

बघते म्हणाले खरं, पण माझ्याकडे विंडोज कुठे? सुट्टीच्या दुपारी कॉलेजची लॅब उघडून बसायला लागले. लायब्ररीची साइट नव्हतीच. बंद पडलेल्या साइटींच्या प्रती जपणाऱ्या एका ठिकाणी कशीबशी ती सापडली. बांधायला घेतली तर तिला आणखी दुसरी लायब्ररी पाहिजे, त्या दुसरीला तिसरी, आणि प्रत्येकीला ठरावीकच आवृत्ती. नवी दिली तर ही रुसते, जुनी दिली तर ती. लग्नघरातल्या सोयऱ्यांसारखं, एकाची समजूत काढावी तर दुसरा पंगतीतून उठून चाललेला. एक एरर मिटवली की खाली दहा. आणि प्रत्येक एररला माझा हात फोनकडे जायचा. तुझं नाव अजून सगळ्यात वर आहे गं. दोनदा तर रिंग जायला लागल्यावर भानावर आले.

घरी कोणाला सांगू? आई होती तोवर निदान "झालं का तुझं ते?" एवढं तरी विचारायची. कॉलेजात सांगितलं तर म्हणतात, मॅडम, कशाला एवढा व्याप? सोडून द्या. एक सहकारी चांगल्या मनानं म्हणाले, आजकाल असली कामं आपोआप करणारी साधनं निघालीत. निघाली असतील. मला साधन नको होतं. मला समोर कोणीतरी पाहिजे होतं, जिला एररची ओळ वाचून दाखवली की ती म्हणेल, "हट्, मले दाखव."

शेवटी एकदाचं बिल्ड झालं. लॅबमधल्या मशीनवर लांबलचक कागद टाकून पाहिला, शेवटचं पान आलं. मी कुंदाताईंना पाठवलं. तासाभरात फोन. "ताई, आता तं फाइलच उघडून नाई राह्यली." म्हटलं, असं कसं? माझ्याकडे तर उघडते! आणि हे तोंडातून गेल्यावर माझीच मला लाज वाटली, कारण या एका वाक्यावरून मी तुला किती वर्षं टोचलं होतं. मान्य, यावर हसायचा तुझा हक्क आहे.

परत सगळं तपासलं. त्यांचं विंडोज तेच, फाइल तीच. मग विचारलं, कुंदाताई, फोल्डरचं नाव काय ठेवलंय? "'कोर्टाचे कागद'." मी लॅबमध्ये इंग्रजी नावाच्या फोल्डरमधून तपासत होते. त्यांना म्हटलं, एक डाव इंग्रजी नाव देऊन बघा. उघडली. परत मराठी नाव दिलं, गेली. त्यांची सगळी फोल्डरं मराठी नावाची, म्हणून ते अर्धवट बिल्ड काढून तूर्त जुनंच ठेवायला सांगितलं.

तेव्हा लख्ख आठवलं. तुझ्या अकोल्याच्या घरी, तू भाकरी थापत होतीस, मी पाटावर. तू पाठमोरीच म्हणालीस, "मराठी नावाचं फोल्डर उघडत नव्हतं विंडोजवर, उघडवलं मी." मी विचारलं, कसं? "खाय ना आधी, थंडं होऊन राह्यलं." मग आपण तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यावर बोलायला लागलो आणि ते तिथेच राहिलं.

म्हणजे तू त्या परक्या माणसाच्या लायब्ररीतच हात घातला होतास. आतून दुरुस्त केली, तुझ्या लॅपटॉपवर बांधली, आणि कुठे म्हणून लिहिलं नाहीस! रिकाम्या लॅबमध्ये मी मोठ्यानं म्हटलं, "बह्याड, लिहून ठेवायला काय झालं होतं तुला?" शिपाई डोकावून गेला.

आणि मग बसून राहिले. कारण हे सुचलं तुलाच ना. त्या लायब्ररीवाल्याला कुठून कळणार, की धामणगावात एक बाई आपल्या फोल्डरला मराठी नाव देते? मलाही नाही सुचलं, मी तर सगळ्या फोल्डरांना इंग्रजी नावं देणारी शिकलेली. इतकी वर्षं एकाही माणसाची तक्रार आली नाही. त्यांना अडायच्या आधीच तू काढून टाकलेलं. काय गुणाची होतीस गं, आणि काय छळवादी.

मग मी माझ्या परीनं ती दुरुस्ती केली. लायब्ररी आपल्या प्रकल्पात ठेवली, काय बदललं, का बदललं, सगळं लिहिलं. सर्व्हरवर कोऱ्या मशीनवर तिन्ही बिल्डं लावली. चाचणीत मुद्दाम एक फोल्डर मराठी नावाचं टाकलं. माझी दुरुस्ती तुझ्यासारखी झाली का, तुझी जास्त सुबक होती का, हे मला कधीच कळायचं नाही. तुझी कशी होती ते बघायला मी काहीही दिलं असतं. तुझ्या हातचं तेवढंच एक मी पाहिलं नाही.

तेव्हापासून ती ओळ समोर आहे, आणि मी तिच्याशी खेळतेय. आधी मला वाटलं, तुझा नियम मोडवत नाही म्हणून हात उचलत नाही. खोटं आहे ते. तुझे नियम मी काय कमी मोडलेत? खरं सांगू? इतकी वर्षं मी ओरडत होते, की हे तुझ्याशिवाय चाललं पाहिजे. आता ते चालतंय. ती खूण काढली, बदल आत घेतला, की सुलभा नसली तरी 'उलगडा' बिनदिक्कत बांधलं जाणार, कोणाच्याही मशीनवर. आणि ते करून ठेवणारी मीच. जोवर अडलंय, तोवर कुठेतरी तुझी गरज आहे. ती मला संपवायची नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, पण आज कुंदाताईंचा निरोप आला. कोणा वकिलांचा जुना करारनामा आहे, सह्या शेवटच्या पानावर, आणि पक्षकार दुकानात येऊन बसलाय. भरदुपारी, कूलरसमोर बसून मी नियमाची खूण काढली. संगणकानं विचारलं, नक्की ना? हो म्हटलं. बदल आत गेला. विंडोजचं बिल्ड सुरू झालं, मी ओळ न् ओळ सरकताना बघत होते, कुठेतरी पडेल म्हणून. पडलं नाही. तुझं नाव न घेता, तुझ्या कशालाही हात न लावता, सरळ पार झालं.

थोड्या वेळानं कुंदाताईंचा फोन. "आलं ताई, शेवटचं पान आलं! सह्याबी आल्या!" त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, "आता तुमी एकट्याच का ताई?"

म्हटलं, हो. एकटीच.

फोन ठेवला आणि नियम परत चालू करायला गेले. दुसरीनं होकार द्यायचा, तर दुसरीचं नाव टाकावं लागतं. माझ्याकडे टाकायला नाव नाही, सुलभे. बंदच ठेवला. आता मी काहीही लिहावं, काहीही आत लोटावं, मला अडवणारं कोणी नाही. इतकी वर्षं हेच तर पाहिजे होतं मला, नाही का? भांडण मी जिंकले. कोऱ्या मशीनवर, तुझ्याशिवाय, अगदी मी म्हणत होते तसंच.

मी बरोबर होते गं. एक डाव येऊन 'नाई' म्हणून जाय.